येऊन राहिलो

अमरावतीतल्या ज्या कॉफी शॉपमध्ये बसून मी काम करते, तिथे माझ्याबद्दल फार चांगलं मत नसावं. बाई येते, भिंतीला पाठ लावून बसते, कानांवर मोठाले हेडफोन चढवते आणि लॅपटॉपकडे कमी, माणसांकडेच जास्त बघते. काउंटरवरची मुलगी परतवाड्याची, मोकळ्या स्वभावाची. तिने एकदा विचारलंच, "मॅडम, तुमी रोज कोनाची वाट पाहून राहिल्या?" मी म्हटलं, कुणाची नाही, काम करते. ती हसली. तिला ते पटलेलं नव्हतं, आणि मला उगाचच तिचा राग आला.

काम मात्र खरंच असतं. फार पूर्वी, कॅसेटच्या काळात, एका संस्थेने वऱ्हाडातल्या खेड्यापाड्यांत हिंडून म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं होतं. बियाणं कसं राखायचे, विहिरी कशा खणायचे, बैल कसा पारखायचे, असल्या गोष्टी. त्या कॅसेटी आता संगणकावर चढवल्या आहेत, आणि त्यातलं बोलणं ऐकून लिहून काढायचं काम माझ्याकडे आहे. आधी वऱ्हाडीत, जसंच्या तसं. मग त्याखाली प्रमाण मराठीत. पुण्याच्या एक बाई ते तपासतात. सुरुवातीलाच त्यांचा फोन आला होता.

"एक शंका होती. हे गृहस्थ म्हणतायत, 'पोरगा वावरातून येऊन राहिला.' म्हणजे मुलगा शेतातून आला आणि मग घरीच राहिला, असं ना?"

"नाही हो. तो अजून आलेलाच नाही. वाटेत आहे."

"मग 'राहिला' कशाला म्हणतात?"

मी म्हटलं, आम्ही म्हणतो, एवढंच. तेव्हापासून 'येऊन राहिला' दिसलं की मी खाली मुकाट्याने 'येत आहे' लिहिते आणि मोकळी होते.

घरी हे काम होत नाही. करून पाहिलं. त्या कॅसेटींमधली माणसं तेव्हाच थकलेली होती, आज त्यातलं कुणी असेल असं वाटत नाही. भरदुपारी बंद फ्लॅटमध्ये एकटीने ती सगळी मंडळी ऐकत बसायचं, मागे कुणीतरी खोकतं, कुठेतरी भांडं पडतं, आणि आपण उठून आपल्याच स्वयंपाकघरात डोकावून येतो. एक-दोनदा असं झाल्यावर मी लॅपटॉप उचलला आणि इथे येऊन बसायला लागले. इथे एसी आहे, गलका आहे आणि मुख्य म्हणजे माणसं जिवंत आहेत.

इथेच मला माझा खेळ सापडला. कानात एक आवाज चालू असतो आणि डोळ्यांसमोर भलतंच कुणीतरी बोलत असतं. समोरच्याचं बोलणं मला ऐकू येत नाही, फक्त ओठ दिसतात. मग कानातला आवाज त्या तोंडात बसवायचा.

समजा उन्हातून एक मुलगी येते. तोंडाला ओढणी अशी गुंडाळलेली की फक्त डोळे दिसावेत. आमच्याकडच्या मुली स्कूटीवरून अशाच फिरतात, आणि दारातून आत आल्यावर ती ओढणी सोडण्याचा क्षण मला फार आवडतो. आधी कपाळ, मग नाक, आणि शेवटी आपण मनात ठरवलेल्या चेहऱ्याशी काडीचाही संबंध नसलेला चेहरा. ती तिच्या मित्रासमोर बसते, बोलायला लागते, आणि माझ्या कानात नांदगाव खंडेश्वरकडची कुणी म्हातारी सांगते, "आमी तं राखेत घोळून ठेवो बी. किडा लागाची काय टाप." मुलगी कोल्ड कॉफीची नळी दातांत धरते, तर नेमकी म्हातारीही दम खायला थांबते. मित्र गंभीरपणे मान हलवतो. त्याला राखेचं पटलेलं असतं.

हल्ली मुलगी पाहण्याचा कार्यक्रमही इथेच होतो. कांदेपोह्यांची जागा फ्रेंच फ्राइजनी घेतली, बाकी सगळं तेच. मुलगा-मुलगी एका टेबलावर, आईवडील जरा लांबच्या टेबलावर, आणि लांबच्या टेबलावरचे सगळे डोळे जवळच्या टेबलावर. असाच एक कार्यक्रम चालू होता आणि मुलाचे वडील मुलीच्या वडिलांना मोठ्या अदबीने काहीतरी समजावून सांगत होते. माझ्या कानात एक शेतकरी बैल घेण्याची रीत सांगत होता. "पयले दात पाहाचे. मंग चालवून पाहाचा. मंग मानेवर हात ठेवून पाहाचा, बिचकते का." मी इतक्या जोरात हसले की दोन्ही टेबलांनी माझ्याकडे पाहिलं. त्या मुलीने पुन्हा एकदा पाहिलं आणि तीही हसली. तिला काय कळलं कोण जाणे. लग्न जमलं नसावं अशी मला आशा आहे.

लोकांकडे बघत बसण्यात सुख असतं, आणि ज्यांना ते कळत नाही त्यांच्याशी माझं फार जमत नाही. पण हा खेळ जितका गमतीचा आहे तितकाच वाईट आहे. कधीकधी एखादा आवाज एखाद्या तोंडात असा चपखल बसतो की समोरचा तरुण पोरगा तरुण राहत नाही. कधीच्या मेलेल्या माणसाने त्याचं तोंड घटकाभर मागून घेतल्यासारखं वाटतं. तरीही मी हेडफोन काढत नाही. काढला की दोघंही जातील, असं काहीतरी वाटतं.

हा खेळ मी इथे शिकले नाही. इथे तो फक्त रंगला. शिकले ते अकोल्याला, घरच्या टीव्हीसमोर.

मला माझ्या वडिलांचा आवाज आठवत नाही. बाबा मोटारपंप दुरुस्त करायचे. अकोल्यात छोटं दुकान होतं, पण दुकानात कमी आणि खेड्यांतल्या विहिरींवर जास्त असायचे. मी कॉलेजात असताना ते एका सकाळी सायकल काढता काढता अंगणातच गेले. तेव्हा आवाज साठवून ठेवायची साधनं आमच्या घरात नव्हती आणि साठवावा असं कुणाला वाटलंही नसतं. ते काय बोलायचे ते मला आठवतं. कितीतरी वाक्यं आठवतात. पण ती सगळी आता माझ्याच आवाजात ऐकू येतात. आवाज नेमका कधी गेला ते कळलंही नाही. एके दिवशी बघायला गेले तर जागा रिकामी होती.

फोटो आहेत. आणि एक व्हिडिओ आहे, अकोटला झालेल्या मावसभावाच्या लग्नाचा. त्यात बाबा आहेत. पंगतीत बुंदीची बादली घेऊन वाढताहेत. वाकतात, वाढतात, सरळ होतात, मग कुणीतरी हाक मारल्यासारखं उजवीकडे मान वळवून, हनुवटी जराशी वर करून काहीतरी बोलतात. ओठ उघडतात, तसेच थोडे थांबतात, मग पुन्हा भराभर हलतात. संपलं. पुढे बदामाच्या चौकटीत नवरानवरी आणि वरून पडणाऱ्या पाकळ्या. आवाज नाही. व्हिडिओवाल्याने हौसेने सबंध कॅसेटभर सनई आणि सिनेमाची गाणी भरून टाकली आहेत. बाबांचं तोंड उघडतं आणि त्यातून एक गायिका गाते. त्या व्हिडिओवाल्याला मी आजवर इतक्या शिव्या दिल्या आहेत की तो असेल तिथे त्याला उचकी लागत असेल.

आईला मात्र मी कधी विचारलं नाही. विचारायची भीती वाटायची. तिलाही आठवत नसला, तर तो आवाज या जगातून गेलाच म्हणायचा. न विचारता निदान असं धरून चालता येत होतं की तो तिच्यापाशी आहे.

मी अमरावतीला आल्यापासून आई अकोल्याच्या घरात एकटीच असते. दर रविवारी मी बडनेऱ्याहून गाडी पकडते आणि जाऊन येते. गेल्या काही दिवसांत तिची एक गोष्ट मला खटकायला लागली होती. मी बेल वाजवली की आतून उत्तर यायचं, "हाव, येऊन राहिलो." राहिलो. आमच्याकडची बाई 'येऊन राहिली' म्हणते. आधी वाटलं, लोखंडी दार आहे, आत कूलर घरघरतोय, मीच चुकीचं ऐकलं. मग दर वेळी तेच. आवाजही बसल्यासारखा, जड. दार उघडल्यावर मात्र ती नेहमीसारखी बोलायची. माझं कामच असल्या एकेका अक्षरावर चालतं, त्यामुळे मला ते सोडता येईना. आई बाईचं बोलणं आणि पुरुषाचं बोलणं यांतला फरक विसरायला लागली की काय, या विचाराने मी रविवारचा परतीचा प्रवास खिडकीबाहेर बघत आणि काहीच न बघता करायचे.

अशा दिवसांत कॉफी शॉपमध्ये तो माणूस यायला लागला.

पहिल्यांदा मी त्याला पाठमोरा पाहिला. खुर्ची हाताने न ओढता त्याने पायाने सरकवली, आणि माझा हात कीबोर्डवर तसाच राहिला. बाबा खुर्ची अशीच सरकवायचे. हातांना कायम ग्रीस लागलेलं असायचं म्हणून. या माणसाचे हात स्वच्छ होते, सदरा इस्त्रीचा होता, कॉलरवर घामासाठी रुमाल घडी करून ठेवला होता. त्याने कॅपुचिनो मागवली आणि मग पुन्हा काउंटरकडे बघून काहीतरी मागितलं. मुलगी गोंधळली, हसली, मागे जाऊन आली. तो बशी मागत होता. दुसऱ्या दिवसापासून ती घरून आणलेली एक स्टीलची बशी त्याच्यासाठी ठेवायला लागली. तो कॉफी बशीत ओतायचा, फेस फुंकरीने बाजूला सारायचा आणि प्यायचा.

आणि मध्येच कुणी काही विचारलं तर उजवीकडे मान वळवून, हनुवटी जराशी वर करून बोलायचा.

ती मान मी व्हिडिओत इतक्या वेळा पाहिली आहे की ती कुठे सुरू होते आणि कुठे थांबते हे मला पाठ आहे. तीच होती. चेहरा वेगळा होता, नाक तर अगदीच वेगळं. पण मान बाबांची होती.

मी त्याच्यावर आवाज बसवायला लागले. कपड्याच्या दुकानात एकामागून एक सदरे अंगाला लावून बघावेत, तसा एकेक म्हातारा त्याला लावून पाहिला. विहीर खणणारा. गुळाचं गुऱ्हाळ चालवणारा. एक कीर्तनाची आवड असलेला, त्याचा आवाज फारच मोठा झाला. वाटायचं, हे सगळे तर वऱ्हाडातलेच, बाबांच्याच मातीतले. यांच्यातला एखादा आवाज बसेल, आणि बसला की मला आतून कळेल, हाच. तो जागा झाला की बाकीचं आपोआप आठवेल. एवढ्या एका आशेवर मी रोज त्याची वेळ धरून यायला लागले. आणि एक काळजी घ्यायचे. तो असेपर्यंत हेडफोन काढायचा नाही. काही चालू नसलं तरी कानांवरच ठेवायचा. त्याचा स्वतःचा आवाज मला नको होता.

मग अकोटकडच्या एका खेड्यातली कॅसेट आली.

विहिरींबद्दलच एक म्हातारा बोलत होता. मागे दूरवर लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. कुणीतरी काहीतरी दुरुस्त करत होतं. म्हातारा बोलता बोलता थांबला आणि बाजूला तोंड करून मोठ्याने म्हणाला, "या ना मिस्तरी, चाय घेऊन घ्या." आणि लांबून, विहिरीच्या बाजूने, एक आवाज आला. "हाव, येऊन राहिलो."

नेमकं त्याच वेळी समोरच्या माणसाने मान वळवली आणि तो बोलला.

मी कॅसेट थांबवली. मागे नेऊन पुन्हा ऐकलं. लोखंडाचा ठोका, हाक, आणि तो आवाज. पुन्हा. अकोटकडची विहीर, पंपाचा मिस्तरी, तेव्हाचा काळ. बाबा त्या बाजूला नेहमी जायचे. मी डोळे मिटून ऐकलं, उघडून ऐकलं. कळत होतं आणि कळत नव्हतं. आतून काही जागं झालं नाही, पण मी इतकी घाईला आले होते की ती घाईच मला खूण वाटली. कामाच्या फाइलमध्ये त्या ओळीखाली 'येत आहे' लिहायचं होतं. मला ते लिहिता येईना. ती जागा तशीच रिकामी ठेवून मी पुढे गेले.

दुसऱ्या दिवशी मान खाली घालून टाइप करत होते, तर टेबलावर कुणीतरी बोटाने टकटक केलं. वर पाहिलं तर तोच. ओठ हलत होते. उजवीकडे मान, हनुवटी वर. मी हेडफोन काढला नसता तर बरं झालं असतं, पण माणूस समोर उभा राहून बोलतो तेव्हा काढावाच लागतो.

"मॅडम, हा फोन जरा तुमच्याइकडं चार्जिंगले लावता का? मिसेस वरतं दवाखान्यात हाये, घुटन्याच्या एक्सरसाइजले. तिचा फोन येते मले."

आवाज बारीक होता, किनरा, थोडा फाटका. वयात येणाऱ्या पोराचा असतो तसा. मी फोन चार्जिंगला लावून दिला आणि त्याच्यावर भयंकर चिडले. त्या बिचाऱ्याचा काय दोष होता. पण मला वाटलं, यांनी इतके दिवस माझ्या वडिलांची मान वापरली आणि आता हे असं. थोड्या वेळाने फोन वाजला. तो माझ्याच टेबलाशी उभा राहून बायकोला म्हणाला, "हाव, येऊन राहिलो," आणि गेला. नंतरही तो येत राहिला, बशीत कॉफी पीत राहिला. पण आता त्याच्यावर कुठलाच आवाज बसेना. त्याचा स्वतःचा होता ना. मला सुतक पडल्यासारखं झालं.

उरली ती कॅसेट. रविवारी ती लॅपटॉपमध्ये घेऊन मी अकोल्याला गेले. आता विचारायचंच होतं. आई हो म्हणाली तर बाबांचा आवाज मिळाला. नाही म्हणाली तर निदान तिला आठवतो हे तरी कळेल. आणि ती नुसती बघत बसली, मला माहीत नाही म्हणाली, तर मग काहीच उरणार नव्हतं. मूर्तिजापूर जाईपर्यंत मी बाकीच्या दोन्ही गोष्टी विसरले होते, ही तिसरीच तेवढी डोक्यात होती.

बेल वाजवली. आतून आलं, "हाव, येऊन राहिलो."

दार उघडून आई म्हणाली, "उशीर केला वं आज. चून हाटाचं हाये अजून, भाकरी टाकाच्या हायेत मंग." पाणी दिलं, पंख्याखाली बसवलं. मी तिच्या कानांवर हेडफोन ठेवला. तिने पदर सारखा केला आणि कुणी वडीलधारं बोलणार असल्यासारखी ताठ बसली. मी तो तुकडा लावला. ठोका, हाक, उत्तर.

"कोन हाये हा?"

"तूच सांग."

तिने पुन्हा ऐकला. मग हेडफोन काढून माझ्या हातात दिला. "मले वाटलं तू बाबाचं मनशीन. नाई वं. हे कोनी दुसरं हाये. त्याइचा आवाज असा नोता."

ती क्षणभरही अडखळली नव्हती. तिच्या त्या खात्रीने मला इतकं बरं वाटलं की कॅसेटचं दुःख करायचंही राहून गेलं. मी विचारलं, "मग कसा होता? मला आठवत नाही, आई. खूप दिवस झाले. मला त्यांचा आवाजच आठवत नाही."

आईने माझ्याकडे जरा चमत्कारिक पाहिलं. "कसा म्हंजे? तू तं दर आयतवारी आयकतं."

मला कळेना.

"बेल वाजोली का आतून काय आवाज येते?"

मी दाराकडे पाहिलं.

"एकट्या बाईचं घर हाये," आई म्हणाली. बाजाराची गोष्ट सांगावी तसं सांगत होती. "बेल कोन वाजोते, काय मालूम. चंदा मांगनारे येतेत, फ्रिजवाले येतेत, कोनी नुसतंच पाहाले येते. आतून मानसाचा आवाज आला म्हंजे नीट उभे रायतेत. म्हनून त्याइच्यासारखं म्हनाचं. पयले पयले जमे नाई, बाईचाच आवाज निंगे. मंग आठवून आठवून पायलं. घशातून नाई, इथून." तिने गळ्याखाली, छातीच्या हाडावर हात ठेवला. "आन 'हाव' लंबा. 'हाव' म्हनत, मंग थांबत. मंग 'येऊन राहिलो'. थांबत, कारन उठलेलेच नसत."

"आणि तुला काही वाटलं नाही?"

"पयल्या दिवशी वाटलं ना. बरोबर निंगाला आवाज, त मलेच भेव वाटलं. मांगं पाहाव का नाई, असं झालं." तिने पदराने मान पुसली. "आता नाई वाटत. आता कोनी बेल वाजोली नाई एखांद्या दिवशी, त चुकल्यासारखं वाटते."

मी लॅपटॉपवर लग्नाचा व्हिडिओ काढला. पंगत आली, बुंदीची बादली आली. मी आवाज बंद केला, गायिका गप्प झाली. बाबा वाकले, वाढलं, सरळ झाले.

"इथं मीच हाक मारली होती," आई म्हणाली. "बायकाइच्या बाजूनं. टेम्पो निंगून राहिला होता अकोल्याचा, म्हटलं या लवकर."

बाबांनी उजवीकडे मान वळवली, हनुवटी वर केली. ओठ उघडले.

"हाव," आई म्हणाली. ओठ तसेच थांबले, आईही थांबली. मग ओठ भराभर हलले. "येऊन राहिलो."

आवाज बाबांच्या तोंडातून आला. मी आयुष्यात बसवलेल्या कुठल्याच आवाजासारखा तो बसला नाही, कारण तो तिथलाच होता. जड, जरासा आळशी, शेवटी हसू दाबल्यासारखा. दाराआडून तो मी किती रविवार ऐकला असेल आणि म्हातारपणाचा घोगरेपणा समजून रडकुंडीला आले असेन. मी आता खरोखरच रडायला लागले. आईने थोडा वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवला, आणि मग पिठलं हाटायचं राहिलं म्हणून उठली.

मी मोबाइल काढला. "आई, एकदा पुन्हा म्हण. भरून घेते यात."

"त्यात काहून भरतं?" ती आतून म्हणाली. "तुले बोलता येते ना."

स्वयंपाकघरात तवा ठेवल्याचा आवाज आला. ज्वारीचं पीठ थापल्याचा आवाज आला. मी बाहेर एकटीच व्हिडिओ पुन्हा मागे नेऊन थांबवून बसले होते, बाबांची मान अर्धी वळलेली. थोड्या वेळाने आईने हाक मारली, "चाल, जेवून घे."

मी छातीच्या हाडावर हात ठेवला. घशातून नाही, तिथून.

"हाव," मी म्हटलं. थांबले. उठले नव्हतेच. "येऊन राहिलो."

आत उलथणं थांबलं. कूलर तेवढा घरघरत होता.

"या मंग लवकर," आई म्हणाली. "भाकर थंडी होऊन राहिली."

जन्मापासून आजवर तिने मला कधी 'या' म्हटलेलं नाही. मी हात धुवायला उठले.